थंडी, वाज गं

साताऱ्याच्या थंडीला मी रोज शिव्या देते. आम्ही जत तालुक्यातले. उन्हानं डोकं तापलं तरी आमचं काही बिघडत नाही, पण इथं नर्सिंगला आल्यापासून हिवाळा म्हटलं की नको वाटतं. खोलीवर पत्रा, पहाटे नळाचं पाणी हाताला चावतं, आणि शेजारच्या कॉटवर पलूसची प्रियदर्शनी. तिच्याकडं दोन रजया, वर गरम पाण्याची पिशवी, आणि मला म्हणते, "राजेश्वरी, यंदा थंडी कमीच आहे गं." कमी म्हणे! हिला एकदा आमच्या मेंढरांबरोबर उघड्या रानात झोपवायला पाहिजे.

माझ्याकडं घोंगडं आहे. काळं, खरखरीत, आमच्याच मेंढ्यांच्या लोकरीचं. दिवाळी झाली की आई-आप्पा मेंढरं घेऊन दरवर्षी या बाजूला उतरतात. यंदा येता येता आई खोलीवर ते देऊन गेली. "आन् तुमाला गं?" मी विचारलं. "आमाला हाईत की चिक्कार," ती म्हणाली. मी आपलं खरं धरलं आणि पांघरून झोपायला लागले.

तर डिसेंबरात, भर हिवाळ्यात, पावसानं घात केला. रात्रभर पत्रा बडवला आणि सकाळ झाली तरी थांबायचं नाव नाही. वारं तर असलं की खिडकी लावूनसुद्धा अंगावर येत होतं. आमच्या जतला मागून मागून येत नाही, टँकरची वाट बघून डोळे फुटतात, आणि इथं नको तेव्हा कोसळतोय. मुडदा बशिवला त्या पावसाचा!

आई-आप्पांचा मुक्काम तेव्हा कोरेगावच्या अलीकडं होता, लालासाहेब म्हणून एक बागायतदार आहेत, त्यांच्या रानात. मेंढरं रानात बसवायची, लेंडीखत रानाला मिळतं, त्याच्या बदल्यात धान्य आम्हाला. वर छप्पर कसलं आलंय तिथं! मी फोन लावला. आईनं उचलला.

"आये, पाऊस हाय का तिकडं?"

"हाय की जरा. तू घोंगडं घेतलंस न्हवं पांघराय?"

"माझं मरू दे. तुमी कुठं बसलाय?"

तेवढ्यात मागनं आप्पा ओरडले, "आगं ए, घोंगडं कुठाय? कोकरांवर टाकतो."

आईनं फोन बाजूला धरला, पण मला सगळं ऐकू आलं. "एक भिजून चिंब झालंय. दुसरं पोरीला न्हाई का दिलं?"

फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद.

चिक्कार म्हणजे दोन! दोनच घोंगडी होती त्यांच्याकडं, आणि त्यातलं एक ह्या घडीला माझ्या अंगावर होतं. ते अंगावरचं ओढून काढलं आणि मी घडी घालायला लागले.

"कुठं निघालीस? दहाला प्रॅक्टिकल आहे," प्रियदर्शनी उठून बसली.

"खड्ड्यात गेलं प्रॅक्टिकल. तुझा रेनकोट दे."

एरवी साध्या साबणावरनं भांडणारी पोरगी, पण माझं तोंड बघून तिनं गुपचूप रेनकोट काढून दिला. मी तो घातला नाही. घोंगडं त्यात गुंडाळलं आणि बाह्यांनी आवळून गाठ मारली. मी भिजले तर वाळेन, घोंगडं भिजून चालणार नव्हतं.

एसटीत ते तान्ह्या लेकरासारखं पोटाशी धरून बसले. गाडी अशी रांगत होती की उतरून ढकलावी वाटत होती. बिरोबा, माझ्या आईला सांभाळ, एवढं एकच तोंडात. शेजारची बाई मला बघून जरा सरकूनच बसली. वेडी वाटले असेन. वाटू दे.

फाट्यावर उतरून चिखलातनं पळाले. बांधावर पहिली मेंढी दिसली. मेलेली. पुढं आणखी, मग मी तिकडं बघायचंच बंद केलं. जिती होती ती एकमेकींत डोकी खुपसून उभी होती. लांब ओढ्याकडनं आप्पांची हाळी ऐकू येत होती. पांगलेली मेंढरं गोळा करायला ते आणि लालासाहेब गेले होते. आई कुठंच दिसेना.

विहिरीवर मोटरीची खोली आहे. तिचं दार मोडकं, आणि आत कोकरं खच्चून भरलेली. ती बाहेर पळू नयेत म्हणून आई दाराबाहेर, उंबऱ्याला पाठ लावून पावसात बसली होती. डोक्यावर खताची रिकामी पिशवी.

"आये!"

तिनं सावकाश वर बघितलं आणि हसली. "राजी? सुट्टी हाय व्हय गं?"

"किती भिजलीस! काकडून मरशील की गं."

"पहाटं लय वाजत हुती थंडी," ती जड जिभेनं म्हणाली. "दात नुस्तं कडाकडा. आता बरं वाटतंय बघ. आता वाजतच न्हाई." आणि पदर ओढून काढायला लागली. "उकडतंय मला."

मागच्याच आठवड्यात मॅडमनी शिकवलं होतं. माणूस कुडकुडतंय तोवर भिऊ नका, अंग अजून झगडत असतं. कुडकुडणं थांबलं आणि माणूस भलतंसलतं बोलायला लागलं, की समजा अंगानं हाय खाल्ली. ते ऐकताना मी जांभया देत होते.

"आप्पाऽऽ!" मी जीव खाऊन ओरडले. आईला काखेत धरून आत ओढली आणि ओलं लुगडं सोडवायला लागले. ती माझे हात झटकायला लागली. "सोड गं बया, कोन तरी बघंल." बघू दे! रेनकोटाची गाठ सुटेना, दातांनी सोडवली. घोंगडं खडखडीत कोरडं होतं. त्यात तिला डोक्यापासनं गुंडाळली, माझं ओलं काढून फेकलं आणि मीही आत शिरले. तिची छाती माझ्या छातीला लागली. इतकं गार माणूस मी कधी जवळ घेतलं नव्हतं. हाताला येतील तेवढी कोकरं भोवती ओढली.

आप्पा धावत आले आणि तिचे तळवे चोळायला लागले.

"चोळू नका! हातपाय चोळायचं न्हाईत! एकशे आठला फोन करा!"

आप्पांवर असं आजवर कुणी ओरडलं नव्हतं. त्यांचा फोन भिजून बंद पडलेला, माझा घाईत खोलीवरच राहिलेला. मागनं आलेले लालासाहेब दारातच थांबले, तोंड फिरवून आप्पांना म्हणाले, "मी लावतो फोन. बिराप्पा, तू हितंच बस." आणि रस्त्याकडं पळाले.

"झोपते जरा," आई पुटपुटली.

"झोपायचं न्हाई! आये, बोल माझ्याशी. शिव्या दे मला. घोंगडी किती हाईत गं तुमच्याकडं? सांग की, लबाडे!"

"चिक्कार."

मला रडायलाही येईना. जिला रोज शिव्या दिल्या तिच्याच मी विनवण्या करत होते. थंडी, वाज गं. माझ्या आईला वाज. हवं तर जन्मभर मला काकडव, पण आता हिला वाज. आप्पा भिंतीला टेकून आमच्याकडं बघत होते. बाहेर पाऊस तसाच, आणि आई तशीच गार, गप.

कितीतरी वेळानं माझ्या खांद्यावर तिची हनुवटी हलली. मला वाटलं, भास. मग दातावर दात एकदा वाजला, पुन्हा वाजला, आणि मग सगळं अंगच हुडहुडायला लागलं.

"राजी," आई चिडून म्हणाली, "लय थंडी वाजतीया गं."

मी हंबरडाच फोडला. आप्पांना वाटलं, गेली. ते डोकं धरून मटकन खाली बसले.

"न्हाई आप्पा, न्हाई," मी रडत ओरडले. "थंडी वाजतीया तिला! वाजतीया!"