दादाच्या बागेतली ओल

"एवढंच कर. तो सेन्सर इथून उपट आणि बांधाजवळच्या मुरमात पुरून टाक," दादा म्हणाला. "मुरूम कायमच कोरडा. यंत्राला वाटेल बाग तहानली, सुटेल पाणी. कोणाला कळतंय?"

"मला कळेल ना." ती उकिडवी बसून वायरीचं टोक पुसत होती.

"तू काय परकी आहेस?"

पाऊस लागोपाठ दगा द्यायला लागला, तेव्हा तळ्याचं पाणी वाटण्यासाठी गावातल्या सगळ्यांनी मिळून ही यंत्रणा बसवली होती. जमिनीतले सेन्सर ओल मोजायचे. ज्याची माती खरोखर सुकली, त्याच्याच नळीला पाणी सुटायचं. ते बसवणं, दुरुस्त करणं हे तिचं काम. तिला ही नोकरी लागली तेव्हा दादाच शेजारीपाजारी सांगत हिंडला होता.

"दादा, तळ्यात आहे तेवढंच आहे. तुला जादा सोडलं तर खालच्या शेतांनी काय करायचं?"

"ही झाडं आई गेली त्या वर्षी लावलीत आपण. तूही खड्डे खणलेस."

तिने सेन्सर होता तिथेच दाबून बसवला आणि हात झटकून उठली.

उन्हाळा चढला तसा तळ्याचा तळ दिसू लागला. सभा भरली. सगळ्यांना पुरणार नाही हे उघडच होतं. अध्यक्षांनी तिला उभं केलं.

"बाई, सगळ्यात जास्त पाणी कोण पितंय?"

दादा मागच्या बाकावर होता.

"संत्र्याची बाग," ती म्हणाली. कोणाची, ते सांगायची गरजच नव्हती. ती खाली बसेपर्यंत मागचा बाक रिकामा झाला होता.

बागेचा व्हॉल्व्ह बंद करायलाही तिलाच जावं लागलं. वहिनी दारात आली. "वन्सं, दुसऱ्या कोणाला तरी पाठवायचं होतं."

खालच्या शेतांत धान्य तरलं. लोकांनी तिचा सत्कार केला, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. दादाच्या बागेची पानं आधी वळली, मग झडली. शेवटी झाडं सरपणाला गेली.

बागच नाही म्हटल्यावर सेन्सर परत न्यायचे होते. ती गेली तर दादाने ते आधीच काढून ठेवले होते. माती पुसलेली, वायरी गुंडाळून बांधलेल्या, ओट्यावर ओळीने मांडलेले.

"दादा..."

"बघून घ्या. एकही मोडलेला नाही." तो खाली बघून बोलत होता. "उन्हातून आलात. पाणी देऊ का तुम्हाला?"

मागे आणखी कोणी उभं असेल म्हणून तिने वळून पाहिलं. अंगणात ती एकटीच होती.