यादीत नसलेली बहीण

कायदेखात्यात अप्पांना सगळे 'स्वल्पविराम' म्हणत. एका स्वल्पविरामासाठी तीन दिवस वरिष्ठांशी हुज्जत घालणारा माणूस, त्याला दुसरं काय म्हणणार? सरकारचे कायदे शब्दांत बसवण्यात त्यांची हयात गेली. भाडेकरूंचा कायदाही त्यांच्याच हातचा. भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबाला घर सोडावं लागू नये, असं त्यात कलम होतं. आणि कुटुंब म्हणजे कोण, याची यादी.

आज त्याच यादीपाशी ताईचं घर अडलं होतं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, बिनलग्नाची. तीस वर्षं ती दादाकडे, म्हणजे त्यांच्या मोठ्या भावाकडे, त्याच्या भाड्याच्या घरात राहिली. तो अंथरुणाला खिळल्यावर त्याचं सगळं तिनेच केलं. दादा गेला आणि घरमालक दारात उभा राहिला. यादीत नवरा-बायको, मुलं, आईवडील होते. भाऊबहीण नव्हते.

"मी साक्ष देतो," अप्पा वकिलाला म्हणाले होते. "ती यादी मी जुन्या कायद्यातून जशीच्या तशी उचलली. सगळे तसंच करतात. विधेयक दुसऱ्या दिवशी मांडायचं होतं हो!"

"तुमच्या मनात काय होतं ते कोर्ट विचारत नाही, अप्पा. कागदावर काय आहे तेवढंच बघतं."

हे अप्पांना ठाऊक नव्हतं थोडंच! तरी राहवत नव्हतं.

न्यायाधीशबाईंनी निकाल वाचला. याच कायद्यात पुढे, पोटभाडेकरूंच्या कलमात, भाऊबहिणींचा स्पष्ट उल्लेख आहे. इतक्या काटेकोर कायद्यात ते कुटुंबाच्या यादीतच चुकून राहून गेले, असं मानता येत नाही. त्यांना विचारपूर्वक वगळलेलं आहे. घर तीन महिन्यांत रिकामं करावं.

काटेकोर म्हणे! अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचं ते कलम शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी लिहिलं होतं. त्यांना बहिणी आठवल्या होत्या.

बाहेर बाकावर ताई पिशवीत कागद भरत होती.

"लिहिणाऱ्याने विचार करून वगळलं म्हणाल्या. खरंच रे?"

"नाही गं ताई, शपथ! मुद्दाम नाही. तू डोक्यातच आली नाहीस."

"तेव्हा दर रविवारी माझ्या हातचं जेवायला येत होतास."

अप्पा तिच्या हातातली पिशवी घ्यायला वाकले.

"मुद्दाम वगळलं असतंस तर बरं होतं," ताई उठत म्हणाली. "भांडता तरी आलं असतं."