लिलावात निघालेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, नाट्यगृहाचा. माझी मखमल कारखान्यात विणली गेली, पण मला पडदा केले ते शिंप्यांनी. मी इतका अवाढव्य होतो की कुठल्याच टेबलावर मावेना. शेवटी त्यांनी मला रंगमंचाच्या फळ्यांवर पसरले आणि चपला काढून, माझ्यावरच बसून मला शिवले. पुढे गडद लाल मखमल, मागे जाड सुती अस्तर.

पुष्कळ वर्षे मी इमानाने काम केले. दोर ओढणारे काका मला पोटच्या पोरासारखे जपत. नव्या माणसाने हिसका दिला की ते ओरडत, "अरे, त्याला ओढायचं नाही, नुसतं सांगायचं!" नाटकाला आलेली माणसे आधी माझ्याकडेच टक लावून बसत. मला त्याचा थोडा गर्वही झाला होता, खोटे कशाला बोलू?

मग काका थकले आणि घरी बसले. नाटके कमी झाली. छताचा एक पत्रा सरकला आणि पावसाचे पाणी माझ्या वरच्या घड्यांमध्ये मुरू लागले. व्यवस्थापकांना कुणी सांगितले, तर ते "बघू" म्हणाले. आतल्या आत मी कुजत गेलो. खालून बघणाऱ्याला मात्र मी पूर्वीसारखाच रुबाबदार दिसत होतो. पुढे नाट्यगृहच बंद पडले आणि सामानाचा लिलाव ठरला.

खुर्च्या गेल्या, दिवे गेले. माझी पाळी आली तेव्हा दोनच गिऱ्हाइके उरली होती. एक होता गॅरेजवाला. त्याला तेलकट यंत्रे पुसायला चिंध्या हव्या होत्या. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे दोघी जावा. त्या गोधड्या शिवून पोट भरत. मुलींच्या एका वसतिगृहाने त्यांना बारा गोधड्या सांगितल्या होत्या. थंडी तोंडावर आली होती आणि कापड काही मिळत नव्हते. दुकानातले परवडेना. शिंप्यांकडचे कात्रण गादीवाला घाऊक उचलून नेई. जुन्या बाजारातल्या चादरी सुई टोचताच उसवत. हे सगळे मला त्यांच्या कुजबुजीतूनच कळले, कारण त्या मला अगदी खेटून उभ्या होत्या.

धाकटीने माझी किनार चिमटीत धरली. "जाऊबाई, अस्तर बघा. नुसतं लोखंड आहे! गोधडीच्या पाठीला वेगळं कापड घ्यायलाच नको."

"हळू बोल गं," थोरली म्हणाली. "तुझ्या तोंडावरच किंमत वाचतील ते."

त्यांनीच मला न्यावे असे मला फार वाटत होते. पण वर माझी काय दशा झाली आहे, हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते. ओरडून सांगावे, तर पडद्याला कुठले तोंड?

बोली सुरू झाली. गॅरेजवाला चढवी, थोरली त्याच्यावर चढवी. दर बोलीला धाकटी हातातली पिशवी आणखी घट्ट धरी.

"बास करा जाऊबाई," ती अखेर म्हणाली. "आता दोऱ्यालासुद्धा पैसे उरायचे नाहीत."

थोरली व्यवस्थापकांना म्हणाली, "साहेब, एकदा ओढून दाखवा."

"आहे तसा, आहे तिथे. घ्यायचा तर घ्या."

"न बघता गळ्यात बांधून घ्यायला तो काय नवरा आहे?"

सगळे हसले. व्यवस्थापकांचा नाइलाज झाला. त्यांनी खूण केली, कुणीतरी दोर खेचला, आणि मी वरून चर्रकन फाटलो. धूळ, कुजकी मखमल, पाखरांची काटक्यांची घरटी, सगळे फळ्यांवर कोसळले. माझे अर्धे अंग एका बाजूने लोंबत राहिले.

गॅरेजवाला तेवढा हसला. "मला काय त्याचं? मला फाडायचाच आहे!"

तो पुढे आला आणि आपला काळाकुट्ट हात त्याने माझ्या मखमलीवर घासला. एकदा, दोनदा. डाग पसरत गेला, हात मात्र होता तसाच राहिला.

"हॅत् तिच्या! हे पुसत नाही, फासतं!" तो वैतागला. "आणि अस्तरासाठी एवढं धूड कोण उसवत बसणार?" असे म्हणून तो निघूनच गेला.

"मग ताई, मघाची तुमची बोली..." व्यवस्थापक म्हणाले.

"मघाची बोली धडक्या पडद्याची होती, साहेब. आता माझी पहिलीच बोली धरा. उतरवायचं, न्यायचं, सगळं झाडून काढायचं काम आमचं."

व्यवस्थापकांनी त्या ढिगाऱ्याकडे पाहिले आणि मान डोलावली. पण धाकटीने जावेची बाही ओढली. "सगळंच कुजकं निघालं तर? पैसे गेले आणि थंडीही आली, मग त्या पोरींना काय सांगायचं?"

थोरली माझे लोंबणारे टोक ओढत दारातल्या उन्हाशी घेऊन गेली. एकेक घडी उलगडून तिने उजेडात धरली. जिथून ऊन आरपार आले तो भाग तिने सोडून दिला. उरलेला भाग दोन्ही हातांनी ताणून पाहिला. माझे धागे करकरले, पण तुटले नाहीत. घाबरून मी तिच्या हातांकडेच बघत होतो. त्या हातांनी मला तिथेच टाकले असते, तर कचऱ्याच्या गाडीखेरीज मला वाटच उरली नव्हती.

"घेतला," ती म्हणाली.

घरी त्यांनी मला तुडवून तुडवून धुतले. पाणी लाल व्हायचे थांबेना. मग कात्री आली. धाकटी कापी, थोरली कुजके बाजूला काढी, आणि दोघीही मनातल्या मनात मोजत होत्या हे मला समजत होते. नऊ गोधड्या झाल्या. तीन पाण्याने खाल्ल्या.

नऊ गोधड्या घेऊन थोरली स्वतः वसतिगृहात गेली. तिने गोल गोल बोलून वेळ मारून नेली नाही. वसतिगृहाच्या बाईंना ती म्हणाली, "बाई, नऊच झाल्यात. तिघींचं कापड अजून शोधतोय आम्ही."

बाईंनी सर्वांत लहान तीन मुलींना दुसऱ्या तिघींच्या शेजारी झोपायला सांगितले. म्हणून माझे सहा तुकडे एकेकीचे झाले आणि तीन तुकड्यांवर दोघी-दोघींची ओढाताण चालते. "माझे पाय उघडे पडतात गं!" असे एक चिमुरडी म्हणते, तेव्हा मी होईल तेवढा ताणतो. पण कापड ते कापडच, मित्रांनो. ते काही वाढत नाही.

धाकटी अजून रिकामी पिशवी घेऊन दारोदार फिरते आहे. तुमच्या घरीही जुनी चादर असेल, आखूड झालेला परकर असेल, रंग उडालेला सदरा असेल. गाठोड्यात बांधून ओलाव्यात टाकू नका. तिथे ते कुणाचेच राहत नाही. धुऊन, वाळवून, घडी घालून दाराशी ठेवा. आणि ती आली, तर तिला 'उद्या या' म्हणू नका. थंडी सुरू झाली आहे.