दहापैकी चार

चोविसाव्या वर्षी त्याला दहापैकी चार शब्द आठवले होते. सेहेचाळिसाव्या वर्षी सात आठवले. दोन्ही वेळा चाचणी तीच होती: दहा शब्द ऐकायचे, वीस मिनिटे भलत्याच प्रश्नांची उत्तरे द्यायची, मग आठवतील ते शब्द सांगायचे.

मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी जुना कागद नव्या कागदाशेजारी ठेवला.

"उलटंच आहे हे," त्या म्हणाल्या. "एकोणीस आंतरराष्ट्रीय सामने, डोक्याला मार लागल्याच्या सहा नोंदी, आणि स्मरणशक्ती सुधारली. रग्बी औषध म्हणून लिहून द्यायला हवी."

त्याची बायको गरजेपेक्षा जास्त हसली. "म्हणजे काही नाही ना, डॉक्टर? मी उगाच जिवाला घोर लावून घेतला. गॅस चालू ठेवतात, लेकीला एकच गोष्ट तीनदा विचारतात..."

"ते माझ्याकडूनही होतं. आधीपेक्षा घसरण दिसत नाही, तेव्हा क्रेन चालवायच्या दाखल्यावर सही करायला माझी हरकत नाही."

बायकोने पर्स उचलली. "चला हो, सुटलो."

तो उठला नाही.

रग्बीत तो पहिल्या फळीच्या मधोमध खेळे. दोन्ही संघांचे आठ-आठ गडी डोकी खाली घालून एकमेकांना रेटत, तेव्हा फटीत सर्वांत आधी त्याचे डोके घुसे. म्हणून संघाने त्याला 'पाचर' म्हणायला सुरुवात केली. खेळ सुटला, नाव मागोमाग बांधकामावर आले. तिथे नऊ वर्षे तो उंच क्रेन चालवत होता. नऊ वर्षांत एकही अपघात नव्हता.

मागच्या मंगळवारी अपघात होता होता राहिला. खालच्या इशारेवाल्याने मूठ वर धरली. मूठ म्हणजे थांब. पाचरने मूठ पाहिली. अगदी स्वच्छ पाहिली. तिचा अर्थ मात्र आला नाही. दोनेक सेकंद ती नुसती एक मूठ होती. सळयांचा जुडगा उतरत राहिला आणि वाकून काम करणाऱ्या वेल्डरच्या शिरस्त्राणापासून वीतभर अंतरावर थांबला.

"काय दादा, वर डुलकी काढता का?" इशारेवाला वायरलेसवर ओरडला. "हात दुखायला लागला की माझा!"

"वारं होतं रे."

"वारं? इथं पान हलत नाही!"

वेल्डरला काहीच कळले नव्हते. दुपारी तो नेहमीप्रमाणे पाचरशेजारी बसून जेवला. पाचरने त्याला सांगितले नाही, आणि घरीही यातले अवाक्षर काढले नाही.

"डॉक्टर," तो आता म्हणाला, "तो जुना कागद खोटा आहे."

"सही तुमच्या संघाच्या डॉक्टरांचीच आहे."

"सही खरी. चार खोटे. मला दहाच्या दहा येत होते."

बायको पुन्हा खाली बसली.

चाचणी हंगामाच्या सुरुवातीला होई. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला की तसेच शब्द पुन्हा विचारत, आणि आकडा घसरला तर त्याला बाहेर बसवत. कपडे बदलायच्या खोलीत कप्तानाने नव्यांना समजावले होते, "तिथं अक्कल पाजळू नका रे. आज दहा सांगाल, तर आपटल्यावरही दहाच सांगावे लागतील. चार सांगा, सुखी राहा." सगळा संघ सुखी राहिला. एकोणिसाव्या सामन्यात पाचर कोसळला. बाजूला नेऊन विचारले, तेव्हा त्याने पाच शब्द सांगितले. पाच हे चारांहून जास्त. त्याला परत मैदानात सोडले. अकरा मिनिटांनी तो पुन्हा कोसळला, आणि तो शेवटचा सामना ठरला. ही हकिगत त्याला चित्रफितीवरून ठाऊक होती. स्वतःला त्यातले काहीच आठवत नव्हते.

बाईंनी दोन्ही कागद पुन्हा ताडून पाहिले. "पंचाईत अशी आहे, की दहा येत होते याला पुरावा काय? तुमची आठवण. आणि तपासायची आहे तीही तुमची आठवणच."

"तेच तर म्हणते मी," बायको घाईने म्हणाली. "अहो, त्या सही करतायत ना? नऊ वर्षांत काही झालंय का? कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय?"

"झालंय. मंगळवारी."

त्याने मूठ सांगितली, दोन सेकंद सांगितले, आणि बोटे ताणून टेबलावर अंतर दाखवले. बायको त्या वितेकडे पाहत राहिली.

"तो वेल्डर... तुमच्याशेजारी जेवतो तो?"

"तोच."

तिने हातातली पर्स टेबलावर ठेवली.

बाईंनी कोरा दाखला खणात टाकला. "मेंदूचं स्कॅन करू. तोवर क्रेन बंद."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर. पण परत वर जाल, अशी आशा मी लावणार नाही."

"खालचं काम देतील का, विचारून बघतो," तो म्हणाला.

बाईंनी जुना कागद ओढला, चार या आकड्यावर रेघ मारली आणि खाली लिहिले: 'ही चाचणी तुलनेसाठी ग्राह्य नाही. आठवत असलेले सहा शब्द रुग्णाने तेव्हा मुद्दाम सांगितले नव्हते.'