खाडीपलीकडची सोयरीक

लाँच जेटीपासून सुटली तशी केरबानं दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. शिरोलीच्या फौंड्रीत वितळल्या लोखंडाशेजारी उभा जन्म काढलेला माणूस खाडीच्या पाण्याला भ्यायला होता.

"सोडा की त्ये. लाकूड मोडंल," चिमणाबाई म्हणाली.

"गप बस. बुडालो म्हंजे कळंल."

"एकलंच बुडतासा व्हय? मी हायच की संगं."

तिनं फडकं सोडून भाकरी-खर्डा पुढं केला. "खावा पोटभर. थितं काय घेता यायचं न्हाय."

त्यांच्यात रीत होती. लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. त्यांची लेक क्रांती खाडीपलीकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स. तिथल्याच जेरोमशी तिनं लग्न केलं. भावकीनं नाकं मुरडली, तेव्हा केरबानं भावकीला मटणाचं जेवण घातलं आणि विषय मिटवला. पण लेकीच्या दारात जाऊन पाण्याला नको म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं. नातवंड झालं की जाऊ, असं म्हणत वर्षं गेली. मागच्या महिन्यात क्रांतीचा फोन आला. गाठींमुळं गर्भपिशवी काढावी लागली होती. म्हणजे ती रीत आता जन्माची झाली. दोघांनाही हे कळलं होतं, पण त्यावर न बोलताच दोघं तिला बघायला निघाले होते.

समोरच्या बाकावर दोन कोळणी मोठ्यानं काहीतरी बोलत होत्या. एक शब्द कळेना.

"ही कुटली भाषा म्हणायची, बाई?" चिमणाबाईनं विचारलं.

"आमची घरातली. पोर्तुगीजांच्या वेळेपासून चालत आलेली," एक जण मराठीत म्हणाली. "तुम्ही नर्सबाईचे आईवडील ना? ती आता आमच्या बोलीत आम्हालाच ओरडते."

"वरडणारच. कोल्लापूरची हाय," केरबा म्हणाला. त्याला फार बरं वाटलं.

धक्क्यावर जेरोम आला होता. किल्ल्याच्या पायथ्याशी घरांची रांग, दारादारावर क्रूस, अंगणात वाळत घातलेले बोंबील. घरापाशी जेरोमची आई, फिलोमिना, हात जोडून पुढं आली आणि त्यांना शेजाऱ्यांच्या ओटीवर घेऊन गेली. तिथं दोन ताटं वाढून ठेवली होती, पाण्याचे तांबे भरले होते.

"क्रांतीनं तुमची रीत सांगितली," ती म्हणाली. "म्हणून सगळं शेजाऱ्यांच्या चुलीवर केलंय. संकोच करू नका."

क्रांती आपल्याच दारात उभी होती. गळ्याची हाडं वर आलेली.

"बसा, आबा. मी हाय हितंच," ती म्हणाली.

केरबा बसला, भाताला हात लावला आणि तसाच उठला. पोरीनं आजारपणातून उठून बापाची अब्रू राखायला शेजाऱ्याची चूल मागितली होती. त्याला स्वतःचा राग आला. तो सरळ तिच्या स्वयंपाकघरात गेला.

"क्रांते, पानी दे."

"आबा, शेजारी ठेवलंय की..."

"तुज्या घरचं दे. रीत वाट बगायची हुती. आता कुनाची वाट बगायची?"

क्रांती हलली नाही. रीत मोडायची तर आईचंही मन हवं, हे तिला ठाऊक होतं. तिनं दाराकडं पाहिलं. चिमणाबाई मागोमाग आलीच होती. क्रांती कळशीकडं वाकली तशी आई खेकसली, "वजं उचलू नगंस. टाकं वलं हाईत अजून."

चिमणाबाईनं स्वतः कळशी कलती करून पेला भरला. नवऱ्याला न देता आधी आपण घटाघटा प्याली. मग दुसरा भरून त्याच्या हातात दिला.

"खारं न्हाय गं," ती म्हणाली. "मला वाटलं, खारं असंल."

क्रांती भिंतीकडं तोंड करून रडली. कुणी तिला गप केलं नाही. बऱ्याच वेळानं नाक पुसत तिनं विचारलं, "च्या टाकू?"

"टाक," केरबा म्हणाला, आणि तिथंच फरशीवर मांडी घालून बसला.