पांडू मास्तरांची चाल

ज्ञानेशने शिडीवर उभं राहून एसीच्या डक्टची जाळी सोडवली, स्क्रू दातांत धरले, आणि तेवढ्यात खाली बँड सुरू झाला.

रियाधमधल्या त्या हॉटेलच्या हॉलमध्ये दुपारपासून तालीम होती. ट्रंपेट, ट्राँबोन, सॅक्सोफोन घेऊन माणसं खुर्च्यांवर ओळीनं बसली होती. त्यातून एक क्लॅरिनेट वर चढली, आणि त्याचा हात जाळीवरच राहिला. ही तर आबांची चाल.

देवरुखजवळच्या त्याच्या वाडीत वरात निघाली की हीच वाजे. आजोबांनी, पांडू मास्तरांनी, रचलेली. लग्नाच्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवत, आणि आसपासची गावं चाल त्यांच्याच नावानं ओळखत. येत्या रविवारी देवळाच्या घाटीच्या पायथ्याशी त्यांच्या नावाचा फलक लागायचा होता. त्यावरचे ‘चालीचे जनक’ हे शब्द ज्ञानेशनेच सुचवलेले.

चाल वर पोचली तसा त्याचा श्वास सवयीनं थांबला. बँड थांबला नाही. सरळ पुढे निघून गेला. शिडी डुगडुगली.

“काय रे, नाचतोस काय वरती?” शिडी धरून उभा असलेला दापोलीचा कादिर म्हणाला.

“कादिर, ही आमच्या आबांची चाल आहे.”

“मग उतर नि सांग त्यांना. न विचारता वाजवतायत म्हणावं.”

तालीम थांबल्यावर ज्ञानेश खरंच खाली उतरला. क्लॅरिनेटवाला पिकल्या केसांचा फिलिपिनो होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं तसं त्यानं सांगितलं, “अमेरिकेची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. एका क्लबात कोणीतरी तुकडा वाजवायचा, दुसऱ्यानं तो उचलला, तिसऱ्यानं कागदावर उतरवला. रेकॉर्डवर नाव मात्र चौथ्याचं.” तो हसला. “पहिला कोण, देव जाणे.”

आबांनी क्लॅरिनेट हातात धरली ती युद्ध संपल्यावर.

दुसऱ्यांदा चाल सुरू झाली तेव्हा ज्ञानेशने ती फोनवर टिपून घेतली.

शुक्रवारी कादिर आणि खोलीतले बाकीचे नमाजाला गेले, तेव्हा त्यानं घरी फोन लावला.

“फलक आला,” त्याचे वडील, अण्णा, हर्षानं म्हणाले. “पेंटर अंगणातच बसलाय, शेवटचा हात मारतोय. ‘जनक’ काय झकास काढलंय त्यानं!”

ज्ञानेश अंगठ्यावरची चिकटपट्टी सोलत राहिला. मग म्हणाला, “अण्णा, एक ऐका.”

त्यानं चाल लावली. पलीकडून फक्त कोंबड्याचं आरवणं ऐकू येत होतं.

“परत लाव,” अण्णा म्हणाले.

त्यानं परत लावली.

“घाटीत थांबले नाहीत रे हे.”

देवळाकडे चढणारी घाटी तिसऱ्या वळणाला छातीवर येते. तिथं वाजवणाऱ्यांचा दम तुटे, म्हणून आबांनी त्या जागी सगळ्यांना एक श्वास दिला होता. तेवढा वेळ नुसता ढोल. पुढे सपाटीवरही ती जागा तशीच राहिली. तिथं नवरीकडच्या बायका रडून घेत, आणि क्लॅरिनेट पुन्हा लागली की पदरानं तोंड पुसून चालू लागत.

“अण्णा, चाल आबांची नाही. त्यांच्या आधीची आहे.”

“ऐकलं ना मी.” मग त्यांनी विचारलं, “बसून वाजवतात काय रे ते?”

“हो. खुर्च्यांवर.”

“तरीच.”

फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज झाला. अण्णांचं बोलणं लांबून आलं. “अगं, पेंटराला सांग, ब्रश धुऊ नको. ‘चालीचे जनक’ पुसायचं आहे.”

आईनं काहीतरी विचारलं.

“काही लिहायचं नाही,” अण्णा म्हणाले. “नाव राहू दे. त्याखालची जागा तशीच मोकळी ठेव म्हणावं.”