बारा वेळा छान

एखाद्याला शिवी दिली तर तो दुसऱ्या दिवशी भांडायला तरी येतो. ‘छान’ म्हटलं की त्याचं तोंडच बंद होतं. सुलक्षणाचं तोंड असं वर्षभर बंद ठेवलं गेलं होतं, आणि ते ठेवणारी माणसं स्वतःला फार सभ्य समजत होती.

मुलुंडच्या एका शाळेत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हौशी छायाचित्रकारांचं मंडळ भरायचं. तीस-पस्तीस माणसं, सगळे पुरुष. पंच्याऐंशीच्या जानेवारीत सुलक्षणाने वर्गणी भरली आणि ती पहिली बाई झाली. अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कंपनीत ती टायपिस्ट होती. बोनसमधून तिने जुना रशियन कॅमेरा घेतला होता, आणि घाटकोपरला पंतनगरच्या दोन खोल्यांत, रविवारी दुपारी मोरीच्या दाराला घोंगडी लावून ती स्वतः फोटो छापायची. तेवढा वेळ तिचे बाबा, धोंडू, बाहेर स्टूल टाकून पहारा करायचे. कुणी हात धुवायला आलं की म्हणायचे, “आत काम चल्लासा. शेजारी जा.”

मंडळाची पद्धत चांगली होती. निदान कागदावर तरी. सभासदाने महिन्याला एक फोटो आणायचा, मागे नाव न लिहिता फक्त आपला नंबर लिहायचा. सेक्रेटरी बाळ नंबर पुकारून फोटो समोरच्या घोडीवर ठेवायचा. अध्यक्ष अण्णा कारखानीस उठायचे, हातात काळ्या पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या, ‘एल’, घ्यायचे आणि ते फोटोवर सरकवत कुठे कापायचं, काय ठेवायचं ते दाखवायचे. फोटो ज्याचा असेल त्याने त्या वेळी ब्र काढायचा नाही, हा नियम. नाव लपवायचं ते टीका निर्मळ व्हावी म्हणून. पण शहाण्यांनी नंबर वर्षभर तेच ठेवले होते! दुसऱ्याच महिन्यात सात म्हणजे भीमराज आणि एकोणीस म्हणजे ‘आमच्या सुलक्षणाबाई’ हे सगळ्यांना पाठ झालं.

अण्णांचा हात मात्र सोन्याचा, हे तिलाही मान्य होतं. पुरुषांचे फोटो ते सोलून काढायचे. “अरे गाढवा, आभाळ कुठाय? जाळून टाकलंस की सगळं!” असं ओरडायचे, एल लावायचे, आणि तोच फोटो बघता बघता उभा राहायचा. शिव्या खाणारा घरी जाताना शहाणा होऊन जायचा. मग बाळ म्हणायचा, “एकोणीस.” अण्णा एल टेबलावर ठेवायचे. दोन पावलं मागे जायचे, मान कलती करायचे. “वा. छान. बायकांची नजरच वेगळी हो. पुढचा घे रे, बाळ.”

बारा सभा, बारा छान. एकदाही ते एल तिच्या फोटोला लागले नाहीत.

नोव्हेंबरात दादरच्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी प्रत्येकाने चार फोटो पाठवायचे होते. अण्णांनी एकेकाला घेऊन बसून अर्धा-अर्धा तास निवड केली. सुलक्षणा आपली पिशवी घेऊन गेली तेव्हा ते चहा पीत होते. “अहो, तुमचे सगळेच छान आहेत. डोळे मिटून कुठलेही चार पाठवा.” तिने पाठवले. डिसेंबरात चारही परत आले, बरोबर एक छापील कार्ड. मंडळातल्या नऊ जणांचे फोटो लागले होते.

ते कार्ड बाबांनी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं. धोंडूंनी एकतीस वर्षं गिरणीत कापड तपासण्यात घालवली होती. उजेडासमोरून कापड ओढायचं, बोटं फिरवायची, दोष दिसला की खडूने खूण करायची. संपानंतर गिरणी उघडली नाही, पण बोटांची सवय गेली नव्हती. घरातली धुतलेली चादरसुद्धा ते खिडकीपाशी धरून बघायचे.

“कारण खय लिवलाहा?” त्यांनी विचारलं.

“नाही लिहीत, बाबा.”

“आणि तो तुझो अण्णा? तो काय म्हणता?”

“छान म्हणतो.”

“छान म्हणजे काय गो? आमच्या खात्यात असो शब्द नाय. पास नायतर नापास. नापास तर खय आणि कित्याक, ता लिवूक व्हया. नायतर साच्यावर कापड इणणाऱ्या माणसान सुधारूचा कसा?”

सुलक्षणाला जे वर्षभर खुपत होतं त्याला त्या दिवशी नाव मिळालं. तिला कुणी वाईट म्हटलं नाही याचा तिला राग नव्हता. तिला सुधारण्याच्या लायकीचंच धरलं नाही, याचा होता.

जानेवारीच्या सभेआधी तिने भीमराजला शाळेच्या फाटकापाशी गाठलं. तो मानखुर्दहून यायचा, एका छापखान्यात कामाला होता, आणि अण्णांच्या शिव्यांचा मोठा वाटा दर महिन्याला त्याच्याच पदरात पडायचा.

“आज माझ्या फोटोमागे तुझा सात घालू दे. तुझ्यामागे माझा एकोणीस.”

“कशाला पण?”

“मला शिव्या खायच्यात.”

भीमराज हसत सुटला. “घे की यार! माझी दर महिन्याला वाट लागते. एक दिवस छान तर ऐकू दे.” मग त्याने पिशवीत हात घातला. “थांब, मग आज चांगला फोटो कशाला वाया घालवू? हा देतो.” पुलाचा जिना चढताना चुकून बटण दाबलं गेलं होतं. त्यात एक हललेली चप्पल होती, अर्धा कठडा आणि बाकी सगळा धूर.

“सात,” बाळने पुकारलं आणि सुलक्षणाचा फोटो घोडीवर चढला. घाटकोपरच्या टेकडीवर एक माणूस डोक्यावर घराचं आख्खं दार घेऊन चालला होता.

अण्णांनी एल उचलले. सुलक्षणाने वही उघडली.

“भीमराज, चांगलं सापडलं होतं रे तुला, आणि माती केलीस! माणूस मधोमध का ठोकलास? त्याला चालायला पुढे जागा ठेव. हे बघ.” डावा एल सरकला आणि तो माणूस खरोखरच चालायला लागला. “पाय का कापलेस? आणि हा विजेचा खांब! त्याच्या डोक्यातून उगवलाय. एक पाऊल बाजूला झाला असतास तर मेला असतास? उभ्याने घेतलास ना? गुडघ्यावर बसायचं, म्हणजे दार आभाळावर आलं असतं. आणि छपाई ही अशी राखाडी कशी? शिळं डेव्हलपर वापरलंस?”

वापरलंच होतं. बाटलीत भरून ठेवलेलं, तीन आठवड्यांचं. भीमराज सवयीने मान खाली घालून बसला होता, आणि सुलक्षणा इतक्या भराभर लिहीत होती की पेन्सिलीचं टोक मोडलं. बारा महिन्यांत जे मिळालं नव्हतं ते चार मिनिटांत मिळालं. तिला आधी आनंद झाला. मग तो आनंद कडू झाला, कारण हे सगळं त्या माणसाकडे वर्षभर होतं. त्याने ते तिच्यासमोर बसून तिला दिलं नव्हतं.

“एकोणीस.”

धुरकट चप्पल घोडीवर आली. अण्णांनी एल खाली ठेवले, दोन पावलं मागे गेले, मान कलती केली. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

“वा,” अण्णा म्हणाले. “छान. एक नाजूक भाव आहे. पुढचा घे रे, बाळ.”

सुलक्षणा उठली. नियम मोडून उठली.

“तो फोटो माझा नाही. तो भीमराजचा आहे, चुकून निघालेला. माझा सात नंबरचा होता.”

बाळने दोन्ही फोटो उलटे करून बघितले, जणू मागे पत्ता सापडणार होता. अण्णांचा चेहरा लाल झाला. “ही थट्टा आहे मंडळाची!”

“थट्टा तुम्ही केलीत, अण्णा. बारा महिने.”

“अहो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणूनच ना... एकटं बाईमाणूस, चारचौघांत...”

“भीमराजला वाईट वाटत नाही? त्याला गाढव म्हणता, आणि त्याचे दोन फोटो दादरला लागले. मला अहो-जाहो करता, आणि माझे चारही परत आले. वर्गणी मी तेवढीच भरते. वाईट मला घरी जाऊन वाटून घेता येतं, त्याची काळजी तुम्ही करू नका. तुम्ही माझं मन जपत नव्हतात. तुम्हाला बघायचंच नव्हतं.”

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “जाऊ द्या हो ताई, चहा आलाय.” सुलक्षणाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने कप हातातच धरून ठेवला.

तिने पिशवीतून वर्षभराचे बारा फोटो काढले, टेबलावर गठ्ठा ठेवला आणि दोन्ही एल उचलून अण्णांपुढे धरले. अण्णांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा सभासदांकडे. शेवटी त्यांनी ते घेतले.

पहिले दोन-तीन त्यांनी घुश्शातच केले. “तिरपा. काळा. यात काहीच नाही.” ती प्रत्येक वेळी विचारायची, “का?” आणि लिहून घ्यायची. चौथ्याला त्यांचा राग उतरला आणि जुनी खोड जागी झाली. “अगं बये, सूर्य पाठीशी ठेवलास की माणसं अशी बटाट्यासारखी चपटी दिसतात! कुणी शिकवलं तुला हे?” अहो-जाहो कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही. तिला मात्र कळलं.

मग घोडीवर सातवा आला. जुलैमधला. बाबा खिडकीपाशी धुतलेली चादर ताणून बघतायत, एवढंच.

अण्णांनी उजवा एल आणला आणि काढून घेतला. डावा आणला, तोही काढला. वरून झाकून बघितलं. मग एल हातातच धरून ते वाकून चादरीवरची बोटं बघायला लागले.

“हा छान आहे,” ते म्हणाले.

“कारण सांगा.”

त्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. आपलाच शब्द आता या मुलीपुढे चालत नाही हे त्यांना तेव्हा समजलं असावं, कारण ते हळू, एकेक शब्द शोधत बोलायला लागले. “उजेड कापडातून आलाय, बाहेरून नाही. बोटं काळी उमटलीयेत, प्रत्येक वेगळं. चेहरा अर्धाच दिसतो, पण हा माणूस डोळ्यांनी नाही, बोटांनी बघतोय हे कळतं. यातलं काहीच कापता येत नाही.” त्यांनी चष्मा काढला. “मी हा जुलैमध्ये बघितला होता?”

“तुमच्यासमोर ठेवला होता.”

“मग दादरला हा पाठवलास ना? हा कसा परत करतील?”

“तुम्ही म्हणालात, डोळे मिटून कुठलेही चार पाठवा,” सुलक्षणा म्हणाली. “मी मिटले. हा पिशवीतच राहिला.”

तिने बाबांचा फोटो घोडीवरून उचलला आणि त्या जागी आठवा ठेवला.